शिबिराच्या यादीतून सीए-१२५ काढून टाक

बाळ,

तुझं पत्र वाचलं. कित्येक महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढलेली ती बाई तुझ्याकडे आली तेव्हा पोटात पाणी झालेलं, अंडाशयाचा कॅन्सर पसरलेला. आता ८ मार्चच्या शिबिरात येईल त्या प्रत्येकीचं सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी, करायचं म्हणतेस. तळमळ कळते, पण हे करू नकोस.

ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांवर बायकांवर हा प्रयोग झालाय. दरवर्षी रक्त तपासलेल्या गटात पहिल्या टप्प्यातले कॅन्सर जास्त सापडले. तरीही २०२१ साली हिशेब मांडला तेव्हा मृत्यू कमी झालेले नव्हते. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात हजारावर बायकांची कॅन्सर नसताना ऑपरेशनं झाली आणि त्यांतल्या १५ टक्के बायकांना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. आपल्याकडे तर पोटाचा टीबीही आहे! पोटात पाणी, उतरलेलं वजन, सीए-१२५ शेकड्यांत, आणि कॅन्सर नाहीच. एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), साधी पाळीसुद्धा हा आकडा वाढवते.

शिवाय यातला सर्वांत घातक प्रकार बहुतेकदा बीजनलिकेच्या टोकाशी सुरू होतो. अंडाशय सोनोग्राफीत नीट दिसत असतानाच तो पोटभर पसरू शकतो.

म्हणून सांगते, तक्रार नसलेल्या बाईच्या रक्तामागे लागू नकोस. तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या मागे लाग.

ती 'गॅस होतो' एवढंच म्हणेल. तू खोदून विचार. परकराची नाडी पुरेनाशी झालीय का? दोन घासांत पोट भरतं का? ओटीपोट दुखतं, सारखी लघवीला होते? हे वर्षभरातच सुरू झालंय आणि महिन्यातले बाराहून जास्त दिवस होतंय? मग तपासायला घे, सोनोग्राफी कर, आणि तेच सीए-१२५ आता खुशाल कर. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या पोटाच्या तक्रारीला गॅस म्हणून मोकळं व्हायचं नाही. एवढं करूनही काहींचा आजार पुढे गेलेलाच असेल. पण दारोदार फिरण्यातले महिने वाचतील आणि अंगात ताकद असताना ती ऑपरेशनला पोचेल.

घराण्यात कुणाला होता, हेही विचार. आई-मावशीबद्दल सगळे विचारतात, आत्या राहून जाते. बीआरसीए-१ हा जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो आणि तो असलेल्या शंभरातल्या चाळीसेक जणींना ऐंशीपर्यंत हा कॅन्सर होतो. त्यांना जनुकीय समुपदेशनाला पाठव. मुलंबाळं झाल्यावर नलिका आणि अंडाशय काढून घेण्याचा मार्ग त्यांना कुणीतरी सांगायलाच हवा.

मी हट्टी म्हणून ओळखली जाते. पॅकेजमधून ही तपासणी काढा म्हटलं, तर एका आयोजकांनी मला बोलावणंच बंद केलं. असू दे. एका आकड्यापायी धडधाकट बाईचं पोट उघडलेलं मी पाहिलंय, आजही तसंच म्हणेन. आशाताईंना हे चार प्रश्न शिकवायचं मात्र राहून गेलं, त्याची खंत आहे.

ते तू कर. रक्ताच्या टेबलाशेजारी एक खुर्ची आणि आडोसा ठेव, पन्नाशीपुढच्या प्रत्येकीला निवांत विचार. जिच्यावर शंका येईल तिचा फोन नंबर घे, तारीख देऊन बोलाव. आली नाही तर आशाताईंना घरी पाठव.

तुझी,
मॅडम