कुठे थांबता, ते विचार

प्रिय डॉक्टरीणबाई,

काल रात्री अकराला तुझा मेसेज आला : "मॅडम, काकांचा मुलगा भांडून गेला. म्हणाला, बाबांचे पाय दुखतायत आणि तुम्ही त्यांना अजून चालवताय." सकाळी फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तू नुसती 'हो मॅडम, हो मॅडम' करशील, म्हणून लिहितेय.

मुलाचा राग मला कळतो. दुखलं की थांबायचं, हे आपल्याकडे लहानपणापासून सांगितलं जातं. छातीत दुखलं तर ते शंभर टक्के खरंच आहे, तिथल्या तिथे थांबायचं. तुझ्या या पेशंट काकांसारख्या, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या माणसाच्या पोटरीचं मात्र उलटं. तिला दुखेपर्यंत चालवावं लागतं. हे उलटं आहे, हे पहिल्याच दिवशी मुलाला समोर बसवून सांगायला हवं होतं. तेवढं तुझं राहिलं.

माझं याहून मोठं काही राहिलं होतं. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ यायचे. चाललं की पोटरीत गोळा येतो, म्हणायचे. घरचे म्हणत वात आहे, मी म्हटलं कंबरेची नस आहे. दोन महिने शेक दिला, कंबरेला ताण म्हणजे ट्रॅक्शन दिलं. ते बिचारे वेळेवर येत, वेळेवर पैसे देत. एकदा मोजे काढताना पाऊल हाताला गार लागलं. पावलाच्या पाठीवर बोटं ठेवली, आतल्या घोट्यामागे ठेवली. नाडी लागेना. दोन महिने मी त्यांच्या कंबरेखाली गेलेच नव्हते! त्यांना एकच प्रश्न विचारला असता तरी भागलं असतं : दुखायला लागल्यावर बसावं लागतं की नुसतं उभं राहिलं तरी चालतं? मणक्याचा रोगी बसतो किंवा पुढे वाकतो, तेव्हा त्याला बरं वाटतं. रक्तपुरवठ्याचा रोगी उभ्या उभ्याच काही मिनिटांत मोकळा होतो.

या दुखण्याचं वर्णन आधी घोड्याचं झालंय, हे तुला कुणी सांगितलं नसेल. १८३१ मध्ये बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने लिहून ठेवलं, की घोडा धावताना लंगडतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा नीट चालतो. माणसातलं वर्णन शार्कोने १८५८ मध्ये केलं. घोड्याची एक सोय होती. तो लपवत नाही.

आपला रोगी लपवतो. गोखले रोडवर बघ, एखादे आजोबा साड्यांच्या दुकानासमोर उभे असतात. साडी घ्यायची नसते, पोटरी उतरायची वाट बघत असतात. हल्ली मोबाइल काढतात आणि न आलेला फोन घेतात. काही जण तर थांबतही नाहीत, चालच इतकी मंद करतात की दुखतच नाही. आणि सगळ्यात फसवे ते, ज्यांनी चालणंच सोडलंय. भाजी सून आणते, स्टेशनला रिक्षा, दर्शनाला रिक्षा. तू विचारतेस, "काका, चालताना त्रास होतो का?" ते म्हणतात, "छे, काही नाही." खोटं बोलत नाहीत ते. चालतच नाहीत, तर त्रास कुठून होणार?

म्हणून 'किती चालता' हा प्रश्न टाकून दे. विचार, कुठे थांबता? घरातून निघाल्यापासून तलावपाळीपर्यंत कुठलं दुकान, कुठला कट्टा? वर्षापूर्वी कुठे थांबायचात? स्टेशनचा जिना एका दमात चढता का? त्यात बायकोलाही बोलू दे. कुठला कट्टा, ते तिला पाठ असतं.

मग मोज. तू डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, लावून घोट्याचं प्रेशर घेतलंस, ते बरोबर केलंस. घोट्याचे ९६ भागिले हाताचे १५०, म्हणजे ०.६४. ०.९० किंवा त्याखाली असलं की आजार पक्का धरायचा. पण जुनी शुगर असलेल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात, प्रेशरच्या पट्ट्याने दाबल्या जात नाहीत आणि आकडा १.४० च्याही वर जातो. त्या आकड्यावर खूश होऊ नकोस. अशांच्या पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यायला पाठव. आणि एक, हा आकडा महिन्या-महिन्याने रोग्याला दाखवू नकोस. व्यायामाने तो फारसा हलत नाही, सुधारतं ते चालणं. स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात काम भागवायला शिकतात. म्हणून दाखवायचे ते मीटर. सहा मिनिटांत किती मीटर गेले, ते वहीत तारखेसह लिहायचं.

आता भांडणाचा मुद्दा. 'एक ते पाचमध्ये किती दुखतंय' हे माझ्या रोग्यांना कधी जमलं नाही. मी आणे वापरते. चार आणे म्हणजे नुसती जाणीव. आठ आणे म्हणजे आता थांबावंसं वाटतंय. सोळा आणे म्हणजे पाऊल उचलत नाही. आठ आणे ओलांडायचे, बारा आण्यांना थांबायचं, उभं राहायचं किंवा बाकावर बसायचं, पूर्ण उतरू द्यायचं आणि पुन्हा निघायचं. थांबे धरून सुरुवातीला अर्धा तास, पुढे पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, निदान बारा आठवडे. तुझ्या काकांचे तीनच झालेत.

मुलाला पुरावा हवा असेल तर सांग. २०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली एक चाचणी आली, ३०५ रोगी, वर्षभर घरच्या घरी चालणं. एका गटाला पाय दुखेल इतक्या वेगाने चालायला सांगितलं, दुसऱ्याला न दुखेल असं आरामात. वर्षाअखेर पहिला गट सहा मिनिटांत सरासरी ३४.५ मीटर जास्त चालू लागला. दुसऱ्या गटाचे ६.४ मीटर उलट कमीच झाले. चालले दोघंही होते, हे लक्षात घे.

जागा सपाट निवड. कचराळी तलावाचा ट्रॅक चांगला, बाक आहेत. उपवनहून येऊरच्या चढावर मात्र पोटरी फार लवकर ओरडते, ते पुढे कधीतरी. पावसाळ्यात सोसायटीचं पार्किंग नाहीतर मॉल, निसरड्या फुटपाथवर पाठवू नकोस. आणि चप्पल नको, बूट हवेत. शुगरवाल्याला खडा टोचलेला कळत नाही, घरी गेल्यावर तळवे बघायची सवय बायकोलाच लाव.

कुणाला चालवायचं नाही, तेही पक्कं ठेव. रात्री पाय दुखतो म्हणून जो खाटेखाली लोंबकळत ठेवून झोपतो, ज्याची जखम भरत नाही, ज्याचं बोट काळं पडतंय, त्याला व्यायाम नाही, त्याच आठवड्यात व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचा, सर्जन. पाय अचानक गार आणि पांढरा पडला तर त्याच तासाला. ज्याच्या पायाची रक्तवाहिनी अरुंद असते त्याच्या हृदयाचीही असण्याचा संभव मोठा, म्हणून चालवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घे. काकांची घेतली आहेस ना? आणि बीडीबद्दल संकोच न करता विचार. 'सोडली' म्हणाले की 'कधी?' विचार. परवा सोडलेली असते.

सहा मिनिटांच्या चाचणीला ३० मीटरची सरळ वाट लागते. तुझ्या क्लिनिकच्या पॅसेजमध्ये ती बसणार नाही, ठाण्यात कुणाच्याच बसत नाही. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेव, त्यांचा पोडियम लांब आहे. शनिवारी संध्याकाळी पाचला मी टेप घेऊन येते. काकांना बोलाव, मुलालाही बोलाव. स्टॉपवॉच त्याच्या हातात देऊ.

तुझी,
मॅडम