सकाळी नीट धावलेली गाडी दुपारी का उलटते?

प्रश्न: ताई, माझी रिमोटवर चालणारी १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची) इलेक्ट्रिक टूरिंग कार आहे. टायर रबरी, ट्रॅक कार्पेटचा. चारही टायरना पूर्ण रुंदीभर सॉस (पकड वाढवणारं रसायन) लावून अर्धा तास ठेवतो. सकाळच्या दोन्ही हीटमध्ये (फायनलआधीच्या छोट्या फेऱ्यांत) गाडी झकास पळाली, पण दुपारी वेगाच्या वळणांवर कोलांट्या खायला लागली. पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या, ड्रूप (चाक खाली लोंबण्याची मोकळीक) कमी केला, तरी फरक नाही. आता काय बदलू?

उत्तर: आधी स्प्रिंगा आणि ड्रूप सकाळी होते तसे करा. गाडी तीच आहे, दुपारपर्यंत बदललं ते कार्पेट. प्रत्येक गाडी थोडं रबर आणि थोडा सॉस मागे सोडून जाते, त्यामुळे रेसिंग लाइनवरची पकड तासागणिक वाढत जाते. सकाळी अर्धा तास मुरवलेला सॉस पुरेसा होता, तोच दुपारी फार होतो. वळणात सगळा भार बाहेरच्या पुढच्या टायरवर येतो. तो थोडा घसरला असता तर गाडी वाचली असती. पण पकड इतकी असते की टायर घसरण्याऐवजी दुमडतो, त्याची बाहेरची भिंत कार्पेटला टेकते, आणि गाडी तिथेच अडखळून उलटते.

म्हणून हात घालायचा तो पुढच्या टायरच्या तयारीत. पकड वाढलेल्या कार्पेटवर माझी सुरुवात ठरलेली आहे. मागच्या टायरना पूर्ण रुंदीभर सॉस, २० मिनिटं. पुढच्यांना फक्त आतल्या अर्ध्या भागाला, १० मिनिटं. बाहेरचा अर्धा भाग कोरडा. मग स्वच्छ फडक्याने पुसून गाडी ट्रॅकवर. तुमचा सॉस वेगळा असेल तर मिनिटं वेगळी निघतील, पण मागे जास्त आणि पुढे कमी हा क्रम सोडू नका. पहिल्या एक-दोन लॅपला गाडी वळायला आळस करते, मग टायर तापले की नाक आत यायला लागतं. पाच मिनिटांच्या हीटमध्ये तेवढा आळस मी आनंदाने सोसते, कारण शेवटच्या मिनिटालाही गाडी चारही चाकांवर असते.

टायर वॉर्मर वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: उष्णतेत सॉस झपाट्याने मुरतो. गार टायरवरची २० मिनिटं आणि ५०–५५ अंशांच्या वॉर्मरमधली २० मिनिटं एक नव्हेत. फार वेळ मुरलेलं रबर फुगतं, लिबलिबीत होतं आणि रिमपासून सुटायला लागतं. वेळ अंदाजाने धरू नका, घड्याळ लावा आणि वहीत लिहा. आणि कृपा करून हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ही रसायनं कातडीतून आत जातात, त्यांचा वास छातीत बसतो. याबाबत हयगय केलेली मला अजिबात चालत नाही.

एवढं करूनही उलटत असेल, तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर पातळ सुपरग्लूचा एक थर द्या. भिंत टणक झाली की ती दुमडतही नाही आणि टेकली तरी चावत नाही. चाक हातात हळूहळू फिरवत ग्लू कडेपर्यंत न्या, पण जमिनीला लागणाऱ्या पट्ट्यावर थेंबही जाऊ देऊ नका. पूर्ण वाळू द्या. चार-पाच धावांनंतर थराला तडे गेलेले दिसतील, तेव्हा पुन्हा लावा. त्यानंतरच राइड हाइट (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) अर्धा मिलिमीटर खाली घ्या. स्प्रिंगांचा नंबर त्याच्याही नंतरचा. एका हीटला एकच बदल. (स्पर्धेच्या नियमात सॉस, वॉर्मर, ग्लू यांतलं काय चालतं ते आधी वाचून घ्या.)

प्रश्न: टायर मी स्वतः रिमवर चिकटवतो. गाडी कधी अचानक एकाच बाजूला ओढते, कधी बरी चालते. शॉक सारखे उघडून तपासले. सुचत नाही.

उत्तर: शॉक बंद करा आणि टायर अंगठ्याने बाजूला दाबून बघा, रिमच्या संपूर्ण घेराभोवती, आतून आणि बाहेरूनही. हे मी एक अख्खा दिवस घालवून शिकले. एका फायनलच्या आधी गाडी डाव्या वळणात नीट आणि उजव्या वळणात बेभरवशाची होती. मी स्प्रिंगा बदलल्या, तेल बदललं, टो-इन (चाकं आत वळलेली ठेवण्याचा कोन) बदललं. शेवटून दुसरी आले. घरी चाकं धुताना पुढच्या डाव्या टायरची कड नखभर सुटलेली दिसली. उजव्या वळणात भार आला की ती उघडायची, सरळ रस्त्यावर पुन्हा मिटायची.

नव्या टायरच्या कडेवर साच्यातला तेलकटपणा असतो आणि रिमवर बोटांचं तेल. दोन्ही अल्कोहोलने पुसून कोरडं करा. टायरच्या आतला स्पंजाचा इन्सर्ट कुठे मुडपलेला नाही हे चाक फिरवून पाहा. मुडपला असेल तर टायरला उंचवटा येतो आणि चाक थरथरतं. मग कड थोडी ओढून थेंब-थेंब ग्लू सोडा, रबरबँड लावा, वाळू द्या, आणि दुसरी बाजू त्यानंतरच घ्या. ग्लू जास्त झाला तर तो आत वाहत जाऊन इन्सर्ट कडक करतो.

प्रश्न: टायरची आतली कड फार झिजते. डावी-उजवी चाकं अदलाबदल केली तर सारखी होईल का?

उत्तर: नाही होणार. चाक दुसऱ्या बाजूला नेलं तरी रिमची आतली बाजू आतच राहते, फक्त फिरण्याची दिशा उलटते. एका दिशेची वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डाव्या-उजव्यातला फरक भरून काढायला अदलाबदल उपयोगी आहे, मीही करते. आतल्या कडेसाठी मात्र कँबर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) अर्धा अंश कमी करा. तो मोजताना गाडीत बॅटरी हवी आणि गाडी धावताना असते त्याच उंचीवर हवी. दोन-तीन धावांनंतर व्हर्नियरने टायरचा व्यास आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजा आणि त्या चाकाच्या नावापुढे लिहून ठेवा. मी रिमच्या आत मार्करने चाकाचा नंबर टाकते, म्हणजे वहीतली नोंद आणि हातातलं चाक जुळतं.