व्हेगास आणि वाळवंट, पण एकाच दिवशी नको

चि. सौ. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं वेळापत्रक बघितलं. पाच दिवस, मुक्काम सगळा लास व्हेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या त्या रस्त्यावर, आणि तिथूनच एक दिवस झायन, एक दिवस डेथ व्हॅली, एक दिवस ग्रँड कॅनियन, असे तीन नॅशनल पार्क. रोज संध्याकाळी सातला परत, आठला जेवण, दहाला शो. कागदावर सगळं चोख बसतंय. पण प्रत्यक्षात एक ना धड भाराभर चिंध्या होतील आणि तिसऱ्या दिवशी गाडीत तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसाल.

माझं म्हणणं एवढंच, की शहर आणि वाळवंट दोन्ही करा, पण एकाच दिवसात दोन्ही करू नका. व्हेगासचा दिवस रात्री दहाला सुरू होतो. वाळवंटाचा खरा खेळ सूर्योदयाच्या आणि मावळतीच्या आगेमागे तासभर चालतो. मधल्या वेळात उजेड पांढराफटक, डोंगर सपाट दिसतात आणि पार्किंग भरलेलं. रात्री एकला झोपून ही पहाट गाठायची म्हणजे दोन्हीकडे डोळे चोळतच फिरायचं. म्हणून ज्या पार्कला जायचं त्याच्या दाराशीच मुक्काम करायचा. गाडी चालवणाऱ्याच्या जिवाच्या दृष्टीनेही तेच बरं.

आता नकाशा समोर घे. व्हेगास मधोमध आहे. झायन आणि ब्राइस कॅनियन हे पार्क ईशान्येला युटा राज्यात, डेथ व्हॅली पश्चिमेला कॅलिफोर्नियात आणि ग्रँड कॅनियनचा साउथ रिम, म्हणजे दरीचा दक्षिण काठ, पूर्वेला ॲरिझोनात, एका बाजूने साडेचार तास. पाच दिवसांत एकच दिशा धरा. तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यात जाताय, तर मी युटा धरीन. डेथ व्हॅली डिसेंबर ते फेब्रुवारीत कर. तिथे समुद्रसपाटीखाली ८६ मीटरवर बॅडवॉटरच्या मिठावर उभं राहायचं तर अंगात स्वेटर हवा, डोक्यावर आग नको. १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती आणि आजही उन्हाळ्यात सकाळी दहानंतर पायी फिरू नका असं पार्कवाले बजावतात.

ग्रँड कॅनियन या वेळी सरळ काढून टाक. नऊ तास ड्रायव्हिंग करून दोन तास दरी बघण्यात काही अर्थ नाही. आणि व्हेगासमधून ‘एका दिवसात ग्रँड कॅनियन’ म्हणून बसच्या सहली विकतात त्यातल्या बऱ्याचशा वेस्ट रिमला जातात. ती जागा वालापाई आदिवासींच्या मालकीची आहे, नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर. तिथे पार्कचा पास चालत नाही. जागा वाईट नाही, पण काय विकत घेतोय हे आधी माहीत असावं.

क्रमही उलटा कर. आधी वाळवंट, मग शहर. तुम्ही न्यू जर्सीहून येताय. व्हेगासचं घड्याळ तुमच्या तीन तास मागे, युटाचं दोन तास मागे. ऑक्टोबरच्या मध्यात ब्राइसला सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो, म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशेबाने साडेनऊ. पहिले दोन-तीन दिवस गजर न लावता जाग येईल, ती तिथे खर्ची घाला. शरीर पश्चिमेला रुळलं की रात्रीची जागरणं आपोआप जमतात. शिवाय स्ट्रिपवर शुक्रवार-शनिवारचे खोल्यांचे दर रविवार-सोमवारपेक्षा बरेच चढे असतात. गुरुवारी दुपारी उतरा, विमानतळावरच गाडी घ्या आणि शहरात न शिरता थेट झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेलला जा. अडीच-तीन तास लागतात. वाटेत ॲरिझोनाचा एक कोपरा लागतो. तिथे आय-१५ महामार्ग व्हर्जिन नदीच्या घळीतून वळणं घेत जातो, तेवढा पट्टा उजेडात पार कर. युटाच्या हद्दीत फोनचं घड्याळ एक तास पुढे उडी मारेल, तो तास जेवणाच्या वेळेत धरून ठेव. किराणा सेंट जॉर्जमध्येच उरका.

झायनच्या मुख्य दरीत हंगामात खासगी गाड्या सोडत नाहीत, पार्कची शटल असते. तुम्ही वीकएंडला जाताय, गर्दी असणार. सकाळी आठच्या आत शटलमध्ये बसलात तर सुसह्य, दहाला गेलात तर रांगेतच अर्धा उत्साह संपेल.

तुझ्या नवऱ्याने वेळापत्रकात एंजल्स लँडिंग, म्हणजे झायनमधली ती कड्यावरची चढण, लिहिलंय आणि पुढे तू प्रश्नचिन्ह काढलंयस. एप्रिल २०२२ पासून त्याला परमिट लागतं, ते सोडतीने मिळतं. महिनोन् महिने आधी एक सोडत असते आणि आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अर्ज भरून दुसरी. पण खरा प्रश्न परमिटचा नाही, तुझ्या प्रश्नचिन्हाचा आहे. शेवटचा सुमारे अर्धा मैल साखळ्या धरून अरुंद कण्यावरून जायचं असतं, दोन्हीकडे खोल दरी. ज्याला उंचीचं भय आहे त्याला ‘अगं, काही होत नाही’ म्हणून ओढून नेणं मला अजिबात पसंत नाही. साखळ्यांच्या आधी लागणाऱ्या स्काउट लुकआउटपर्यंत परमिटशिवाय दोघांना जाता येतं. तिथे तू सावलीत बस, सँडविच खा, तो पुढे जाऊन येऊ दे. नवराबायकोने सहलीतली प्रत्येक गोष्ट जोडीनेच केली पाहिजे असं कुठे लिहिलंय?

जोडीने करायची गोष्ट म्हणजे नॅरोज. शटलच्या शेवटच्या थांब्यापासून मैलभर पक्की वाट आहे, ती जिथे संपते तिथून नदी हीच वाट. पाणी गुडघ्याएवढं, कुठे कमरेपर्यंत. तळाशी नारळाएवढे बुळबुळीत गोटे असतात, पाऊल टाकण्याआधी काठी टेकवून खात्री करावी लागते. भिंती जवळ येत जातात, वर आकाशाची पट्टी उरते आणि ऊन समोरच्या भिंतीवर आपटून या भिंतीवर तांबूस होऊन उतरतं. ऑक्टोबरमध्ये पाणी चांगलंच गार असतं. स्प्रिंगडेलच्या दुकानांत बूट, निओप्रीनचे मोजे, वॉटरप्रूफ पँट आणि काठी भाड्याने मिळते. तिथे हात आखडता घेऊ नका. मात्र निघण्याआधी व्हिजिटर सेंटरमध्ये हवामान आणि अचानक पुराचा धोका विचाराच. तुमच्या डोक्यावर निरभ्र असतं आणि काही मैल वर पडलेल्या पावसाचं पाणी घळीत येऊन धडकतं. नदीचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका. त्यात विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले आहेत, गाळूनही ते प्यायचं नाही.

शनिवारी दुपारी पूर्वेकडच्या दाराने बाहेर पडा. तिथला बोगदा १९३० साली खुला झाला, लांबी १.१ मैल. कड्यातच कोरलेल्या खिडक्यांतून क्षणभर दरी दिसते आणि पुन्हा अंधार. दोन तासांत ब्राइस. उजेड असतानाच पोचा, कारण संध्याकाळी त्या रस्त्यांवर हरणं आडवी येतात.

ब्राइसची उंची विसरू नका. दरीचा काठ अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. चार पावलं चढलं की धाप लागते आणि ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली जातो. टोपी, हातमोजे, जाड जाकीट घ्या. वाळवंट म्हणून सुती कपडे भरून आलेली मंडळी तिथल्या दुकानातून महागडे स्वेटशर्ट घेऊन पहाटे कुडकुडत उभी असतात. ते उंच, लांबट सुळके म्हणजे हूडू. वर्षातल्या निम्म्याएक रात्री भेगांत मुरलेलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगड थोडा थोडा फोडतं. दिवसा ते वितळतं, रात्री पुन्हा तेच. पूर्वेला तोंड करून बसलेल्या त्या अर्धगोलाकार दरीत पहिलं ऊन थेट शिरतं, आणि लोखंडाच्या गंजाने रंगलेले सुळके आतून दिवा लावल्यासारखे दिसतात. काठावर फोटो काढून थांबू नका. क्वीन्स गार्डनच्या पायवाटेने खाली उतरा आणि नवाहो लूपच्या वाटेने वर या. थोडं ऊन तापलं की कुठेतरी खडे घरंगळल्याचा बारीक आवाज येतो, बूट गुलाबी धुळीने माखतात. दोन-तीन तास पुरतात.

पार्कचे पैसे: दोन्हीकडे गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. वार्षिक पास ८० डॉलरचा. हिवाळ्यात डेथ व्हॅली नक्की असेल तरच तो घे, नाहीतर सुटं तिकीट स्वस्त पडतं. तुझे आईबाबा भारतातून आले की मात्र हिशेब बदलेल. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी हाच पास २५० डॉलरचा झालाय आणि पास नसेल तर झायन, ब्राइस धरून अकरा पार्कांत माणशी १०० डॉलर जादा.

रविवारी दुपारी व्हेगासला पोचाल, येताना तो एक तास परतही मिळेल. गाडी विमानतळावर देऊन टाका. स्ट्रिपवर ती नुसती उभी राहते आणि पार्किंगचे पैसे खाते. हॉटेल बघताना रिसॉर्ट फी, म्हणजे भाड्यावर लावलेला सक्तीचा जादा आकार, धरून एकूण आकडा बघ. मे २०२५ पासून तो आधीच दाखवणं बंधनकारक आहे.

आणि मग चैन करा, अगदी मनापासून. धुळीच्या अंगाने गरम पाण्याच्या टबात उतरण्यासारखं सुख नाही. रोज संध्याकाळी एकच महाग गोष्ट ठेवा. एके दिवशी जेवण, दुसऱ्या दिवशी शो. एका रात्रीत दोन्ही कोंबले की शेवटच्या गोड पदार्थाला घड्याळ बघत बसावं लागतं. बेलाजिओ हॉटेलची कारंजी फुकट आहेत, स्फिअर थिएटरचा झगमगता गोळाही बाहेरून फुकटच दिसतो. जुगाराला माझी हरकत नाही. रक्कम आधी ठरवून पाकिटात वेगळी ठेवा. रुलेटचं चाक मात्र नीट बघ. दोन शून्यांच्या चाकावर लावलेल्या शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोकडे जातात, तीन शून्यांच्या चाकावर जवळजवळ पावणेआठ. आणि स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकं पुष्कळ झाली आहेत. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर ‘६:५’ छापलेलं दिसलं तर पुढे सरका, ‘३:२’ शोधा. दहा डॉलरवर ब्लॅकजॅक लागला तर पहिल्यात बारा मिळतात, दुसऱ्यात पंधरा.

मंगळवारची परतीची फ्लाइट सकाळची दिसतेय, ती दुपारची करून घे. आणि विमान पक्कं करण्याआधी स्प्रिंगडेल आणि ब्राइसच्या खोल्या मिळतात का ते बघ. दोन्हीकडे हॉटेलं मोजकी आहेत आणि ऑक्टोबरच्या शुक्रवार-शनिवारी ती आधीच भरतात. व्हेगासमध्ये खोली कधीही मिळेल.

तुझी,
मावशी