घरचंच खातो, मग वजन काहून वाढते?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून एक दिवस समुपदेशनासाठी बसते. वजनाची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रियांकडून, आणि अलीकडे पुरुषांकडूनही, एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला पाठ झाले आहे : "बाहेरचं कायीच खात नाही जी, घरचंच खातो. मंग वजन काहून वाढते?" या प्रश्नात तक्रारीपेक्षा शरम अधिक असते. आपण चोरून खातो, असा संशय समोरचा घेत असणार, हे गृहीत धरूनच तो विचारलेला असतो. त्याचे उत्तर मला ज्या कुटुंबाने शिकवले, त्याची ही हकीकत आहे. त्यांच्या संमतीने ती लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या घरातल्या सुनेचे, म्हणजे ताईंचे, वय अडतीस, उंची 154 सेंटिमीटर, वजन 72 किलो आणि कंबर 94 सेंटिमीटर होती. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला की धोका वाढतो, असे मानले जाते. थायरॉईडची तपासणी डॉक्टरांनी आधीच करून घेतली होती आणि ती ठीक होती. घरात त्या, पती, सासू-सासरे आणि सतरा वर्षांची मुलगी. मुलगी काडीसारखी बारीक, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्यांवर. "लेकीच्या वाटचंबी हेच खाते," असे पती गंमतीने म्हणत आणि ताई हसून दुसरीकडे पाहत.

पहिली चूक माझी. मी त्यांच्याशी एकटीशी बोलले आणि त्यांच्यासाठी वेगळा आहार ठरवून दिला. पंधराव्या दिवशी तो बंद पडला होता.

"का सोडलंत, ताई?"

"सोडला नाही जी, सुटला. चार मानसायसाठी तेलाची भाजी, अन् माह्यासाठी उकडलेली. सासूबाई म्हणे, आता सून येगळं जेवन रांधते. मलेच कसंतरी वाटे. मंग त्यायच्याच ताटातलं घ्याले लागलो."

एका चुलीवर शिजणाऱ्या घरात एका ताटावर उपचार करता येत नाही, ही माझी जुनी धारणा आहे. समुपदेशकाने व्यक्तीकडे नव्हे तर नात्यांच्या जाळ्याकडे पाहावे, असे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. आहाराचा कागद लिहिताना मात्र मीच ते विसरले होते. म्हणून पुढच्या वेळी मी ताईंना दोन गोष्टी सांगितल्या : सासूबाईंना सोबत आणा आणि महिन्याच्या किराण्याची चिठ्ठी आणा. कोण किती खातो हे कोणीही खरे सांगत नाही, स्वतःलाही नाही. महिन्याभरात घरात काय आले, हे दुकानदाराची चिठ्ठी मात्र बिनचूक सांगते.

चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. सोयाबीन तेलाची एक लिटरची सात पाकिटे, साखर सहा किलो, मैदा दोन किलो, साबुदाणा दोन किलो, फरसाण, टोस्ट, बिस्किटांचे पुडे, आणि तुरीची डाळ दोन किलो. गहू-तांदूळ रेशनचे, म्हणून ते चिठ्ठीत नव्हते. मग आम्ही पाटीवर हिशेब मांडला. एका लिटर तेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे पाच माणसांत दरडोई रोज सुमारे 42 ग्रॅम तेल झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. साखर माणशी रोज 40 ग्रॅम झाली, जी 25 ग्रॅमच्या आत असावी. आणि डाळ? त्याच ताटात डाळी-कडधान्यांना 85 ग्रॅम दिले आहेत. या घरात माणशी रोज 13 ग्रॅम येत होती, आणि तीही तुरीच्या प्रदेशात, स्वतःच्या वावरात तूर पिकवणाऱ्या घरात.

"यंदाची तूर?" मी विचारले.

"सगळी विकली. लेकीच्या कॉलेजची फी भराची होती," ताई म्हणाल्या.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणे मला वीस वर्षांत जमले आहे, एवढे मी स्वतःबद्दल म्हणू शकते. सासूबाईंनी चिठ्ठी हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हते, पण त्यांनी तिची लांबी बोटांनी मापली.

"आमच्या वक्ताले चिठ्ठी एवढीशी राहे," त्यांनी दोन पेरे दाखवली. "मीठ, गूळ, तेल, अन् चहाची पत्ती. जवारी घरची, तूर घरची. मूग, बरबटी, आंबाडी, जवस, सारं वावरातलं. आता वावरात निस्तं सोयाबीन अन् कपाशी. जवारी पेरली तं रानडुकरं ठेवत नाहीत." आणि मग सुनेकडे वळून, जवळजवळ पुटपुटत : "तुह्या खान्याची गलती नाही वं पोरी. घरात येतेच हे."

ताईंच्या डोळ्यांना धार लागली. ज्या बाईने वेगळ्या भाजीवरून टोमणा मारला होता, तिनेच त्यांच्यावरचा आरोप काढून घेतला होता. माझ्या कोणत्याही समजावणीत ते सामर्थ्य नव्हते.

मला उमगले ते हे, की ताईंचे वजन आणि मुलीचे रक्त हे दोन आजार नव्हते. ती एकाच चिठ्ठीची दोन फळे होती. तेल, साखर आणि मैदा पोट भरतात. अंगाला लागणारी प्रथिने, लोह आणि तंतू त्यांतून मिळत नाहीत. ज्याचे काम कमी झाले, त्याच्या कंबरेवर हे जादा तेल-साखर चरबी होऊन बसते, आणि वाढत्या वयाच्या, पाळी सुरू झालेल्या मुलीत ही उणीव अशक्तपणा होऊन दिसते. तणनाशक आल्यापासून ताईंचे निंदणही उरले नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जादा वजनाच्या भारतीय स्त्रियांचे प्रमाण 2015-16 मध्ये 20.6 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 24 टक्के झाले, आणि त्याच पाहणीत 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हे आकडे मी पूर्वी वेगवेगळ्या रकान्यांत वाचत असे. त्या दिवशी ते मला एकाच घरात शेजारी बसलेले दिसले.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता 'घरचे' हा शब्द जरा तपासायला लावते. घरात तळलेला आलूबोंडा घरचाच असतो. चतुर्थी-एकादशीसारख्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि तळलेल्या पापड्या खाऊन केलेला उपवासही घरचाच असतो, आणि ताईंच्या महिन्यात असे सहा उपवास होते. अन्न कुठे शिजले यापेक्षा महिन्याभरात घरात कोणता माल किती आला, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. वजनाला आनुवंशिकता, झोप, काही औषधे आणि बाळंतपणेही कारण असतात, त्यामुळे डॉक्टरांची तपासणी टाळू नये. पण पाच माणसांच्या घरात महिन्याला तेलाची एक लिटरची साडेचारपेक्षा जास्त पाकिटे लागत असतील, तर एकट्या सुनेने भात सोडून काही साधणार नाही.

भाकरीविषयीही एक खुलासा करायला हवा, कारण अलीकडे तिला औषधासारखे मानले जाते. ज्वारीच्या आणि गव्हाच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच असतात. भाकरीचा खरा गुण तिच्या संगतीत आहे. तिला तेल लागत नाही आणि ती वरण, पालेभाजी, चटणी यांना ताटात बोलावून आणते. चहात बुडवून खायच्या टोस्टाला असे सोबती नसतात.

त्या कुटुंबाने जे ठरवले, ते त्यांनीच ठरवले. पाच पाकिटे तेल पहिल्या तारखेलाच बरणीत ओतायचे आणि महिना त्यातच काढायचा. रात्री बाजाराच्या ज्वारीची भाकर. घरामागे आंबाडी, पालक आणि बरबटीचे चार वाफे, ज्यांची राखण सासऱ्यांनी आपणहून पत्करली. पुढच्या हंगामात तूर विकण्याआधी वर्षाची डाळ बाजूला काढायची, यावर मात्र पती बराच काळ अडून बसले होते. अखेर एका पोत्यावर तडजोड झाली. वेगळे ताट कोणाचेच नाही.

चार महिन्यांत ताईंचे वजन 68.5 किलोवर आले आणि कंबर 90 सेंटिमीटर झाली. हा चमत्कार नाही, आणि मी कोणाला चमत्काराचे आश्वासन देत नाही. मुलीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरूच आहेत. बाजाराच्या दिवशी पती अजूनही कचोरी आणतात, आणि ती बंद करा असे मी म्हटलेले नाही.

शेवटच्या भेटीला सासूबाई नवी चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती माझ्यापुढे उघडली, पेरांनी मापून दाखवली आणि विचारले, "बाई, अजून दोन पेरं जास्त हाय. याच्यातलं काय कापू?" मी फरसाणावर बोट ठेवले. सुनेने साखरेवर ठेवले. त्या दोघी तिथेच वाद घालू लागल्या.