आठवीच्या मुलांना बर्फ वितळणं आणि समुद्र वाढणं कसं शिकवू? (शाळा गोव्यात आहे)

व्हिडिओ नंतर दाखवा, आधी दोन ग्लास घ्या. एकात पाण्यावर बर्फ तरंगत ठेवा, दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकावणारा दगड ठेवून त्यावर बर्फ, आणि दोन्हीकडे पातळीची खूण मार्करने करा. पहिल्यात बर्फ वितळला तरी पातळी जवळपास तीच राहते, दुसऱ्यात वाढते. मुलं आधी हमखास उलटं सांगतात, सांगू द्या. मग नकाशा उघडायचा, आर्क्टिकचा समुद्री बर्फ म्हणजे पहिला ग्लास, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका दुसरा. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण ७ मीटर वर येईल, पण त्याला शेकडो-हजारो वर्षं लागतील हे पण सांगा, नाहीतर पोरं घरी जाऊन उद्याच पणजी बुडणार म्हणतात :) आणि पाणी तापलं की फुगतं, तेही कारण आहेच.

मग खाजन शेतावर न्या. ती जमीन भरतीच्या पातळीखाली, बांध आणि मानस (भरतीचं पाणी अडवणारी बांधातली दारं) यांच्यावरच सगळं टिकलेलं, तिथे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या भारताच्या संशोधन तळांचं काम तिथूनच चालतं, व्हिजिटसाठी शाळेतर्फे आधी पत्र टाका.