घरातली अनुष्ठानाची जागा : वाचकांचे प्रश्न

नवरात्र तोंडावर आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जागेचे प्रश्न वाढतात. मंत्र कोणता, माळ कुठली, न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करणे) कसे, हे आपल्या गुरूंकडून किंवा घराण्याच्या पुरोहितांकडूनच घ्यावे. त्यात आम्ही पडत नाही. जागेबद्दल मात्र नेमके सांगता येते, आणि सांगायला हवे. अर्ध्यावर सुटलेल्या अनुष्ठानांत जागेची तयारी कमी पडलेली फार वेळा दिसते.

फोंड्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. देव्हारा स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. नऊ दिवस रोज ११ माळा जप करायचा आहे, वेगळी खोली नाही. बसावे कुठे?

चार फूट रुंद आणि पाच फूट लांब एवढी जमीन पुरते. त्यात दोन-अडीच फूट तुमचे आसन, दीड फूट चौरंग, आणि उरलेले समई, ताम्हन व पळी-पंचपात्रीसाठी. निवडताना पहिला विचार हा करावा, की ती जागा नऊही दिवस कोणाला हलवावी लागणार नाही ना? ईशान्य कोपरा उत्तमच. पण तुमच्या घरात तो न्हाणीघराच्या वाटेवर येत असेल, तर तो सोडून पूर्वेच्या भिंतीकडची शांत जागा घ्या. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावे. शौचालयाची सामाईक भिंत टाळावी, कारण तिला बहुतेक वेळा ओल असते आणि चौरंगावरचे वस्त्र दोन दिवसांत कुबट होते.

भिंतीवरचा देव्हारा हलवू नका. रोजची पूजा तिथेच होऊ दे. अनुष्ठानासाठी खाली चौरंग मांडायचा आणि आधी देव्हाऱ्यातल्या देवांना सांगून यायचे. गावाकडच्या घरात देवाची कूड, म्हणजे देवाची खोली, असेल तर ती मुळीच बदलू नये. दिशा कोणतीही असो, पिढ्यान्‌पिढ्या जिथे देव बसले ती जागा पक्की धरावी.

आसनाबद्दल: गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश (दर्भ), अजिन (मृगाचे कातडे) आणि वस्त्र असा क्रम आहे. अजिनाच्या जागी आज जाड लोकरीची घोंगडी घ्यावी. हरणाचे किंवा वाघाचे कातडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार विकत घेता येत नाही, आणि कोणी ‘जुने आहे’ म्हणून देऊ केले तरी घेऊ नये. घोंगडीला आपल्या गोव्याच्या हवेत बुरशी धरते. रोज जप संपला की ती दोरीवर टाका, गुंडाळून कपाटात ठेवू नका. दर्भासन असेल तर त्याच्या खालची बाजू रोज पाहावी. तिथे काळे ठिपके दिसले तर ते आसन काढून दुसरे घ्यावे.

टाइल्सच्या जमिनीवर शेणाने सारवले तर चालेल का? आई आग्रह धरते, पण मागच्या वर्षी खपल्या निघाल्या आणि माश्या झाल्या. (म्हापसा)

आईंचा आग्रह योग्य, पण जमीन चुकीची. मातीची जमीन सारवणातले पाणी शोषून घेते, म्हणून शेण धरून राहते. गुळगुळीत टाइल पाणी शोषत नाही. वर नुसता थर बसतो, सुकताना आकसतो आणि सुटतो. भाद्रपद-आश्विनात तो धड सुकतही नाही, म्हणून वास आणि माश्या. सारवायचेच असेल तर न रंगवलेला लाकडी पाट घ्या, त्यावर पातळ हात फिरवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि तो पाट चौरंगाखाली ठेवा.

जमिनीसाठी पंचगव्याचे प्रोक्षण करावे. स्मृतीत दिलेले माप चहाच्या चमच्याने असे येते: ७ चमचे दूध, ३ चमचे दही, एकेक चमचा तूप, गोमूत्र आणि कुशोदक (दर्भ घातलेले पाणी). मूळ पाठात शेण अर्ध्या अंगठ्याएवढे आहे. चमच्याच्या मापाला वाटाण्याएवढे पुरे. एवढ्यात दोन खोल्या होतात. दर्भाच्या कूर्चाने (जुडीने) शिंपडावे, हाताने ओतू नये. त्याच सकाळी करून त्याच सकाळी वापरावे, कारण आपल्याकडच्या उकाड्यात दुपारपर्यंत ते आंबते. शिंपडल्यावर अर्ध्या तासाने स्वच्छ पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने जमीन पुसून घ्या. दुधा-तुपाचा अंश राहिला तर मुंग्या आल्याच.

दोन गोष्टी टाळा. पाण्यात खडेमीठ टाकून पुसण्याची पद्धत हल्ली फार पसरली आहे. मीठ हवेतली ओल ओढते, त्यामुळे आपल्याकडे जमीन दिवसभर चिकट राहते आणि रांगोळी विरघळल्यासारखी पसरते. दुसरे, हळदीचे पाणी. टाइल्सच्या सांध्यांत तो डाग कायमचा बसतो. भाड्याच्या घरात तर मुळीच नको.

रांगोळी दगडी पुडीची घालावी. तांदळाच्या पिठाची सुंदर दिसते, पण नऊ दिवसांच्या मांडणीला मुंग्या ओढते. ती अंगणातल्या तुळशीपुढे घालायला छान.

दिग्बंध कसा करावा? आणि तो क्रमात कधी येतो? (डिचोली)

दिग्बंध म्हणजे जपाच्या रक्षणासाठी मंत्राने दिशा बांधून घेणे. यात बहुतेक चुका क्रमाच्याच होतात. आचमन, प्राणायाम, देशकालोच्चार, संकल्प, गणपतिस्मरण. मग आसनविधी, म्हणजे ‘पृथ्वि त्वया धृता लोका’ म्हणून आसनाला हात लावणे. त्यानंतर ‘अपसर्पन्तु ते भूता’ आणि दिग्बंध. पुढे न्यास, कलश-शंख-घंटा-दीप यांची पूजा, आणि त्या कलशाच्या पाण्याने स्वतःवर व पूजासाहित्यावर प्रोक्षण. घराण्यागणिक यात थोडा फरक असतो. तुमच्या पुरोहितांचा क्रम वेगळा असेल तर तोच ठेवा. पण दिग्बंध आसनावर बसल्यानंतरच करावा. आधी उभ्याने खोलीभर मोहरी फेकून मग पाणी आणायला स्वयंपाकघरात जाणे, हे वर्तुळ आखून आपणच मोडण्यासारखे आहे. म्हणून बसण्यापूर्वी तेल, वाती, काड्यापेटी, फुले, पाणी, हात पुसायचे वस्त्र, सगळे हाताशी आहे ना, हे एकदा मोजून घ्या.

कृती साधी आहे. एक चहाचा चमचा पांढरी मोहरी, नसल्यास अक्षता, डाव्या तळहातावर घेऊन उजव्याने झाकायची. श्लोक म्हणून झाल्यावर पूर्वेपासून प्रदक्षिणेच्या क्रमाने आठ दिशांना चिमूट चिमूट टाकायची, मग वर आणि खाली. डाव्या टाचेने जमिनीवर तीन आघात, तीन टाळ्या, आणि अस्त्रमंत्राने (रक्षणाच्या मंत्राने) दहा दिशांना चुटक्या. मोहरी जास्त घेऊ नका. टाइलवर तिचे दाणे पायाखाली सरकतात, आणि घरात वयस्क माणसे असतील तर पडण्याची भीती खरी आहे. आसनाच्या सभोवतीच टाकावी, वाटेवर नाही. दुसऱ्या दिवशी ती कुंच्याने गोळा करून झाडाच्या मुळाशी घालावी.

‘अपसर्पन्तु’ला जोडून येणाऱ्या ‘अपक्रामन्तु भूतानि’ या श्लोकात ‘सर्वेषामविरोधेन’ असे शब्द आहेत. कोणाशीही विरोध न करता हे कर्म मी आरंभतो, असा त्याचा भाव. शेजाऱ्याने काही केले असेल म्हणून दिग्बंध घट्ट करायचा आहे, असे विचारणारी पत्रेही येतात. करणी काढण्याचे उपाय आम्ही देत नाही, आणि त्यासाठी पैसे मागणाऱ्याला घरात घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो.

गेल्या वर्षी कलशावरच्या नारळाला पाचव्या दिवशी तडा गेला आणि शेंडीजवळ बुरशी आली. घरात सगळे घाबरले. हा अपशकुन का? (काणकोण)

नाही. दोन्हींची कारणे मांडणीत सापडतात.

सोललेल्या नारळाची करवंटी वाळताना आकसते. समई अगदी जवळ असेल तर एकच बाजू झपाट्याने वाळते आणि तिथे तडा जातो. समई कलशापासून निदान एक हात, म्हणजे दीड फूट दूर ठेवा, आणि नारळ घेताना अंगावर थोडा काथ्या राखलेला घ्या. हलवून पाणी वाजते का पाहा. हाताला जड लागला पाहिजे.

बुरशी ओलीने येते. शेंडीखाली नारळाचे डोळे असतात. ओले हळद-कुंकू शेंडीतच भरले तर ती ओल तिथे कोंडते. गंध करवंटीच्या उघड्या भागावर लावा आणि शेंडी कोरडी ठेवा. दुसरे कारण खालून: कलश काठोकाठ भरला की नारळाचा बूड पाण्याला टेकतो आणि काथ्या पाणी वर ओढतो. पाणी नारळाच्या बुडापासून दोन बोटे खाली हवे. पंचपल्लव मिळाले तर आंबा, वड, पिंपळ, उंबर आणि पायर. नाही मिळाले तर आंब्याची पाच पाने चालतात. फक्त देठ पाण्यात बुडावेत, पान बुडाले की ते कुजते. पाण्यात सुपारी, नाणे, दूर्वा आणि भीमसेनी कापराची चिमूट. कलशाखाली अर्धा किलो तांदूळ पसरून त्यावर अष्टदल काढा. तांदूळ कमी पडले तर कलश डुगडुगतो.

तरीही तडा गेलाच, तर क्षमा मागून दुसरा नारळ ठेवावा आणि पुढे चालावे.

तांब्याच्या कलशावर आणि यंत्रावर किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने हिरवट डाग येतात. मांडणीच्या आदल्या दिवशी चिंचेने, नाहीतर बिंबलाच्या आंबट फळाने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडे करा. आंबट अंश राहिला तर दोन दिवसांत पुन्हा डाग. यंत्राच्या रेषा उथळ असतील तर राख किंवा वाळू लावू नये, रेषा झिजतात.

अखंड दीप रात्री विझतो. खोलीत एसी आहे, तेल खोबरेल. (वास्को)

खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठू लागते. एसी २२ वर असेल तर समईच्या काठाशी तेल घट्ट होते, वातीपर्यंत पोचत नाही आणि ज्योत बसते. तुपाचेही तेच. तिळाचे तेल घ्या, किंवा त्या खोलीतला एसी नऊ दिवस बंद ठेवा. दुसरे कारण दमट वात. पावसाळी हवेत कापूस ओल धरतो, ज्योत फडफडते, काजळी धरते. वाती उन्हात वाळवून झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात.

आरंभाआधी एक दिवस १०० मिली तेल मोजून घालून दिवा किती तास चालतो ते पाहा. तुमच्या वातीचा खरा हिशेब तोच, त्यावरून रात्रीचे तेल ठरवा. शेजारी एक लहान साहाय्यक दिवा ठेवावा. वात बदलताना ज्योत त्यावर घेता येते. पंख्याचा झोत काचेच्या चिमणीने अडवावा. दिव्याच्या वर आणि मागे हातभर तरी पडदा, तोरण, कागदी माळ काही नसावे. घरात कोणीच नसताना दिवा जळता ठेवू नये. त्यापेक्षा संकल्पातच ‘जपकाली दीप’ म्हणावे. अखंड दीप घेणे सक्तीचे नाही.

मडगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो. जपाचा दशांश होम घरात करता येईल का?

आधी आकडा पाहा. रोज ११ माळा, नऊ दिवस, माळेचे १०० धरले तर ९,९०० जप. दशांश ९९० आहुती. दर आहुतीला २ मिली तूप धरले तरी दोन लिटर लागते, आणि शास्त्राप्रमाणे सहस्र आहुतींना एक हात लांबी-रुंदीचे कुंड. एवढा अग्नी फ्लॅटच्या खोलीत नको. मूळ गावच्या अंगणात करा, किंवा देवस्थानात पुरोहितांकडून करवून घ्या. तेही जमत नसेल तर होमसंख्येच्या दुप्पट जप करण्याची सोय आहे: १,९८० जप, म्हणजे २० माळा. काही परंपरांत चौपट सांगतात. गुरूंना विचारून घ्या.

१०८ आहुतींचा लहान होम मात्र घरी होतो. टाइलवर थेट कुंड ठेवू नका, उष्णतेने टाइल तडकते. आधी विटांचा एक थर, त्यावर दोन-तीन बोटे वाळू, त्यावर तांब्याचे कुंड. विटा आणि वाळू दोन्ही कडक उन्हात वाळवलेली हवीत. चिरा (जांभा दगड) वापरू नये: तो ओल धरतो, आणि तापला की आतल्या वाफेने कपच्या उडू शकतात. समुद्राची वाळूही नको, तिच्यातले मीठ तांबे खाते. पाव लिटर तूप आणि बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब आंब्याच्या सुक्या समिधा दोन किलो पुरे. समिधा मोडताना कटकन आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर ती ओली आहे. धुराने डोळे चोळत मंत्र म्हणावे लागतील. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, पंखा बंद, आणि बादलीभर पाणी दाराशी.

धुपासाठी करवंटीचे निखारे वापरता, तेव्हाही खिडकी उघडी हवी. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणूस दगावतो.

आमचे मूळ घर पेडण्यात. इथे भाड्याने राहतो. राखणदाराला कसे विचारायचे?

आरंभाच्या सकाळी उंबरठ्याच्या आत उभे राहून, विडा-सुपारी आणि नारळ ठेवून गाऱ्हाणे घालावे: कुलदेवता, मूळ गावची ग्रामदेवता, आणि ज्या गावात राहता तिथली ग्रामदेवता व स्थळाचा राखणदार, म्हणजे त्या जागेचे रक्षण करणारा देव, या क्रमाने. काय करणार, किती दिवस करणार, हे आपल्या घरच्या बोलीत सांगावे. देवळात कौल (देवाची संमती) घ्यायचा असेल तर संकल्पाआधी घ्यावा. मध्येच घेऊन मन दोलायमान करू नये.

मध्येच सुतक आले तर?

संकल्प होऊन जप सुरू झाला असेल तर चालू कर्माला सूतक लागत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. संकल्पाआधी आले तर आरंभ पुढे ढकलावा. जवळच्या माणसाच्या जाण्याने मन ठिकाणावर नसेल, तर पुरोहितांशी बोलून थांबण्यात काही गैर नाही.

शेवटी जागा कशी मोकळी करावी?

उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून विसर्जन करावे आणि कलश थोडा उत्तरेला सरकवावा. कलशाचे पाणी आंब्याच्या पानाने घरभर शिंपडा, उरलेले झाडाला घाला. तांदूळ कोरडे आणि स्वच्छ असतील तर खिरीला घ्या, नारळ फोडून प्रसाद करा. बुरशी आलेला नारळ मात्र खाऊ नये, झाडाखाली पुरावा. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून मांडवीत किंवा झुवारीत टाकू नका. कुंडीत मातीचा थर, फुलांचा थर असे रचले की त्याचे खत होते. होमाची राख रात्रभर तशीच निवू द्यावी. गरम कुंडात पाणी ओतले तर वाफेने हात भाजतो आणि तांब्याचे सांधे सुटतात. विटा-वाळू पुढच्या वर्षासाठी कोरड्या गोणीत बांधून ठेवा.