तह ठरला, सह्या झाल्या. पण कायम कधी झाला?

अंजनगाव सुर्जीकडच्या एका वाचकाने विचारलं आहे : "'तह झाला', 'तहावर सह्या झाल्या' आणि 'तहाचे अनुसमर्थन झाले' या तिन्हींचा अर्थ एकच का? आणि अनुसमर्थनाला आपल्या बोलण्यातला शब्द नाही का?"

तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. वावराच्या सौद्याशी ताडून पाहा. भाव ठरतो, इसार दिला जातो, इसारपत्रावर सह्या होतात. तरी खरेदीखताची रजिस्ट्री होईस्तोवर वावर विकणाऱ्याचंच राहतं. तहाचंही असंच असतं. बोलणी करायला वकील जातात. जुन्या मराठीत वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, दरबाराच्या वतीने बोलणारा माणूस. त्याने कलमं ठरवून सही केली की मसुदा पक्का होतो, पण धनी अजून बांधला जात नाही. धन्याने तो मजकूर पाहून मान्य असल्याचं लेखी कळवायचं, आणि तसे कागद दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या हाती द्यायचे, हे अनुसमर्थन. 'अनु' म्हणजे मागून. वकिलाने आधी केलं, धन्याने मागून उचलून धरलं, असा तो शब्द आहे. अर्थाने चोख, पण कानाला नुसता 'पाठिंबा' वाटतो, ही त्याची खोट.

बोलण्यात 'मंजुरी' चालेल, 'तह कायम केला' हे त्याहून बरं. पण नेमका शब्द मराठीत आधीपासून आहे : शिक्कामोर्तब. मराठेशाहीच्या कागदावर शिक्का माथ्याशी आणि मोर्तब मजकुराच्या शेवटी उमटे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरची 'मर्यादेयं विराजते' ही ती शेवटची मुद्रा. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ घुसडायची नाही, एवढंच तिचं काम. आज आपण साध्या होकारालाही शिक्कामोर्तब म्हणतो, त्यामुळे शब्द झिजला आहे. तहाच्या बाबतीत तो पुन्हा मूळ अर्थाने वापरावा.

मजकूर बंद होणं किती मोलाचं असतं, ते वऱ्हाडातच पाहायला मिळतं. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला नागपूरकर दुसरे रघूजी भोसले आणि कंपनी सरकार यांच्यात देवगावचा तह ठरला. कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांना सोडावा लागला. सेनासाहेब सुभ्यांनी, म्हणजे रघूजींनी, आठ दिवसांत तह कायम करायचा, तेव्हाच मुलूख सोडल्याचे हुकूम हवाली करायचे आणि इंग्रज फौज माघारी जायची. गव्हर्नर जनरलची मंजुरी दोन महिन्यांत आणून देण्याची हमी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने दिली. एवढं सगळं काटेकोर. पण एक कलम असं होतं की भोसल्यांच्या ज्या मांडलिकांशी इंग्रजांनी करार केलेत ते भोसल्यांनी मान्य करायचे, आणि त्या मांडलिकांची यादी मात्र गव्हर्नर जनरलच्या मंजुरीच्या वेळी मिळेल! म्हणजे मोर्तबाखाली जागा कोरी सोडलेली. पुढे संबळपूर आणि पाटणा (बिहारातलं नव्हे, ओडिशातलं) यांवरून वाद पेटला. ते भोसल्यांना १८०६ साली परत मिळाले. सुर्जी अंजनगावला ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांशी झालेल्या तहातही असंच कलम होतं. ग्वाल्हेर आणि गोहद कोणाचे, हा तंटा त्यातूनच १८०५ च्या नव्या तहापर्यंत चिघळला. 'तहात हरणे' म्हणतात ते सहसा मोठ्या कलमात नव्हे, अशा कोऱ्या जागेत घडतं.

शिक्कामोर्तब नाकारताही येतं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रजांनी कबुली लिहून दिली. मुंबई आणि कलकत्त्याच्या वरिष्ठांनी ती मोडीत काढली आणि लढाई चालूच राहिली. लांबवताही येतं. इंग्रज-मराठ्यांच्या सालबाईच्या तहावर १७ मे १७८२ रोजी सह्या झाल्या, पण नाना फडणविसांनी इंग्रजांशी लढत असलेल्या हैदरअलीकडे डोळा ठेवून मंजुरी अडवून धरली. हैदर ७ डिसेंबरला वारला, २० डिसेंबरला पुण्याची मंजुरी झाली आणि कागदांची अदलाबदल थेट २४ फेब्रुवारी १७८३ रोजी. म्हणून पुस्तकात या तहापुढे कुठे १७८२, कुठे १७८३ दिसलं तर लगेच चूक समजू नये. लेखकाने कुठली पायरी मोजली ते पाहावं. व्हर्सायच्या तहावर २८ जून १९१९ ला अमेरिकेची सही आहे, पण तिथल्या सेनेटमध्ये दोनतृतीयांश मतं मिळाली नाहीत. अमेरिकेला जर्मनीशी १९२१ मध्ये वेगळा तह करावा लागला.

आता शेजारचे शब्द. 'युद्धबंदी' आणि 'शस्त्रसंधी' म्हणजे हत्यार थांबवणं. युद्ध संपलेलं नसतं. २३ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या वकिलांनी वेलस्लीशी युद्धबंदी ठरवली. तीत भोसले नव्हते, आणि शिंद्यांची फौज ठरल्याप्रमाणे हटली नाही. सहाव्याच दिवशी अडगावची लढाई झाली. युद्धबंदीच्या कागदात कोण आहे, कोण नाही आणि फौज कुठवर हटायची, हे आधी वाचावं ते यासाठी. हिंदीत मात्र 'युद्धबंदी' म्हणजे लढाईत पकडलेला कैदी, तेव्हा हिंदी बातमी मराठीत आणताना जपावं. तसंच 'संधि'चं. हिंदीतली 'वर्साय की संधि' जशीच्या तशी उचलून 'व्हर्सायची संधी' लिहिलं की मराठी वाचकाला मोका आठवतो. मराठीत तो तहच.

'करार' हा मोठा डबा आहे, त्यात तहही मावतो. आजच्या सरकारांच्या कागदाला आपण करारच म्हणतो. २ जुलै १९७२ चा सिमला करारही सहीने नव्हे, अनुसमर्थनाचे कागद बदलल्यावर, ४ ऑगस्टपासून अमलात आला. गावच्या तंटामुक्ती समितीपुढे धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद मिटला तर त्याला मात्र तह म्हणू नये. ती तडजोड किंवा समझोता. तहाला दोन्हीकडे राज्य लागतं.